हबसाणचे राजे

मुलांनो, मी मालवणात शाळेत होतो तेव्हा आमच्या वर्गात दाट कुरळ्या केसांचा, काळासावळा एक मुलगा होता. आम्ही त्याला 'हबशी' म्हणून चिडवायचो. मीसुद्धा! हबशी म्हणजे कोण, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

तुम्ही सिंधुदुर्ग किल्ला पाहिला असेलच. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर त्याचं बांधकाम सुरू केलं. भर समुद्रात एवढा खटाटोप कशासाठी? समुद्रावरच्या शत्रूंना शह देण्यासाठी. पोर्तुगीज, इंग्रज, डच आणि मुरूडजवळच्या जंजिऱ्याचा सिद्दी!

हे सिद्दी म्हणजेच हबशी. त्यांचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतले. आजच्या इथिओपियाकडच्या मुलखाला अरब लोक 'हबश' म्हणत, त्यावरून हबशी. त्यांच्यातले कितीतरी जण लहानपणीच गुलाम म्हणून विकले गेले होते. मलिक अंबर त्यांतलाच. हाच गुलाम पुढे निजामशाहीचा वजीर झाला. त्यानं खडकी शहर वसवलं, ते आजचं छत्रपती संभाजीनगर.

जंजिऱ्यावर तर सिद्दींनी स्वतःचं राज्यच उभारलं. त्याला हबसाण म्हणत. गंमत म्हणजे, सुरुवातीला तिथे राजाचा मुलगाच गादीवर बसेल असं नव्हतं. आरमारातला पहिल्या मानाचा अधिकारी पुढचा राजा होई. दर्याच्या कामात जो तरबेज, त्याचा मान मोठा!

या सिद्दींनी किनाऱ्यावरच्या आपल्या गावांना फार छळलं, हे विसरायचं नाही. महाराजांनी जंजिरा घ्यायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. संभाजी महाराजांनी तर समुद्रात भराव घालायला घेतला होता. पण जंजिरा शेवटपर्यंत पडला नाही. १९४८ साली ते संस्थान भारतात विलीन झालं.

म्हणजे बघा, बाजारात विकल्या गेलेल्या माणसांनी साता समुद्रापार राज्य कमावलं, आणि आम्ही त्यांच्या नावाची शिवी केली. शत्रू होते खरे, पण ऐरेगैरे नव्हते.

तो वर्गमित्र आज भेटला तर मी आधी त्याची माफी मागेन. मग म्हणेन, "चल रे, जंजिरा बघून येऊ."

तुमच्या वर्गात कुणाला असं चिडवत नाहीत ना?