'अंतिम' संस्करणाचा मोह

विज्ञानकल्पित चित्रपटाच्या 'डायरेक्टर्स कट'ची वर्षानुवर्षे वाट पाहणारा रसिक नेमकी कशाची वाट पाहत असतो, हा प्रश्न समीक्षेने क्वचितच विचारला आहे. वरवर पाहता उत्तर सोपे आहे: निर्मितिसंस्थेने कापलेले, बदललेले, विद्रूप केलेले मूळ रूप त्याला पाहायचे असते. या अपेक्षेमागे एक पुराणकथा उभी आहे. तिच्यात दिग्दर्शक हा प्रतिभावंत निर्माता, निर्मितिसंस्था ही त्याला छळणारी व्यापारी सत्ता आणि पुनःस्थापित प्रत म्हणजे दीर्घ वनवासानंतर कलाकृतीला मिळालेला न्याय असतो. सामान्य रसिकाने ही कथा स्वीकारावी यात नवल नाही. विद्यापीठीय समीक्षेनेही ती जशीच्या तशी स्वीकारावी, ही मात्र चिंतेची बाब आहे. विम्सॅट आणि बिअर्डस्ली यांनी 1946 मध्ये कर्त्याचा हेतू हा कृतीच्या मूल्यमापनाचा निकष होऊ शकत नाही असे प्रतिपादन केले; रोलाँ बार्थ यांनी 1967 मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. कवितेच्या अध्यापनात ही तत्त्वे निष्ठेने सांगणारा अभ्यासक चित्रपटाकडे वळताच दिग्दर्शकाच्या मुलाखतीला प्रमाणग्रंथ मानू लागतो. हद्दपार केलेला कर्ता मागच्या दाराने परत येतो आणि त्याच्या स्वागताला समीक्षकच उभा असतो.

रिडली स्कॉट यांचा 'ब्लेड रनर' हे या विसंगतीचे सर्वांत बोलके उदाहरण होय. फिलिप के. डिक यांच्या 1968 च्या कादंबरीवर आधारलेला हा चित्रपट जून 1982 मध्ये प्रदर्शित झाला. त्याआधी मार्च 1982 मध्ये डेन्व्हर आणि डॅलस येथे झालेल्या चाचणी-खेळांतील प्रेक्षकांचा प्रतिसाद प्रतिकूल होता. त्यानंतर चित्रपटाला डेकार्डचे निवेदन जोडण्यात आले आणि सुखान्त शेवट देण्यात आला. या शेवटासाठी स्टॅन्ली कुब्रिक यांच्या 'द शायनिंग'मधील न वापरलेली हवाई दृश्ये घेण्यात आली. 1990 मध्ये लॉस एंजेलिसच्या फेअरफॅक्स चित्रपटगृहात 70 मि.मी.ची एक जुनी कार्यप्रत दाखवली गेली. 1991 मध्ये लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को येथे तिचे खेळ गर्दीत झाले. ही गर्दी पाहून वॉर्नर ब्रदर्सने 1992 मध्ये 'डायरेक्टर्स कट' प्रदर्शित केला. घाईत सिद्ध झालेल्या त्या संस्करणाबद्दल स्वतः स्कॉट असमाधानी होते. त्यामुळे खऱ्या, निर्णायक संस्करणाची प्रतीक्षा पुन्हा सुरू झाली. मालकी हक्कांच्या गुंत्यामुळे ती लांबली आणि 2007 मध्ये, पहिल्या प्रदर्शनानंतर पंचवीस वर्षांनी, 'फायनल कट' या नावाने तिची सांगता झाली.

या इतिहासाला 'पुनःस्थापना' हे नाव कितपत शोभते? पुनःस्थापनेची पूर्वअट अशी की जे स्थापायचे ते पूर्वी कधीतरी अस्तित्वात असले पाहिजे. 1992 च्या संस्करणातील सर्वांत गाजलेला भाग म्हणजे डेकार्डला दिसणारे एकशिंगी घोड्याचे स्वप्न. हे दृश्य 1982 च्या प्रदर्शित चित्रपटात नव्हते आणि रसिकांनी 'दिग्दर्शकाची खरी प्रत' म्हणून डोक्यावर घेतलेल्या कार्यप्रतीतही नव्हते. उलट त्या कार्यप्रतीत बॅटीच्या मृत्यूच्या प्रसंगी थोडेसे निवेदन होते. निवेदनाची कल्पनाही केवळ निर्मितिसंस्थेने लादलेली नव्हती. पटकथेच्या आधीच्या खर्ड्यांत ती आढळते. म्हणजे 1992 साली जे 'परत आले' ते त्या रूपात यापूर्वी कोणत्याही प्रेक्षकापुढे आलेले नव्हते. त्याला नवे संस्करण म्हणणे रास्त ठरले असते. पुनःस्थापना म्हणताच नवेपणा लपतो आणि कृतीला एक बनावट भूतकाळ प्राप्त होतो. ज्या चित्रपटाचा विषयच रोपण केलेल्या स्मृती हा आहे, त्याच्या चाहत्यांनी ही रोपित स्मृती निःशंकपणे आपली मानावी, यातील उपरोध समीक्षेच्या नजरेतून सुटता कामा नये.

बदल अर्थाच्या गाभ्यापर्यंत पोहोचतो. 1982 च्या चित्रपटात गॅफने मागे ठेवलेला कागदी एकशिंगी घोडा एवढेच सुचवतो की तो डेकार्डच्या घरी येऊन गेला आणि त्याने रेचेलला जिवंत सोडले. 1992 नंतर तोच कागदी घोडा डेकार्डच्या स्वप्नाशी जोडला जातो आणि डेकार्ड स्वतःच कृत्रिम मानव असल्याचा पुरावा बनतो. हा अर्थ स्कॉट यांनी पुढे उघडपणे मांडला. डेकार्डची भूमिका करणाऱ्या हॅरिसन फोर्ड यांनी दीर्घकाळ त्याला विरोध केला होता. पटकथा हॅम्प्टन फँचर आणि डेव्हिड पीपल्स यांची. बॅटीच्या अखेरच्या स्वगताला आजचे रूप दिले ते रुटगर हाउअर या अभिनेत्याने. इतक्या हातांनी घडलेल्या कृतीचा अर्थ एका व्यक्तीच्या निवाड्यावर सोपवणे म्हणजे समूहाने केलेल्या निर्मितीचे श्रेय एकाच्या नावे करून देणे होय.

पाठचिकित्सेच्या दृष्टीने 2007 चे संस्करण अधिकच शंकास्पद ठरते. 1982 च्या चित्रपटात ब्रायंट सांगतो की सहा कृत्रिम मानव पळाले आणि त्यांतला एक मेला. चित्रपटात समोर येतात मात्र चारच. उरलेला एक कोण, या विसंगतीवर वाचनांची एक परंपराच उभी राहिली. तो डेकार्डच असावा, असा तर्कही त्यातूनच निघाला. 'फायनल कट'मध्ये मेलेल्यांची संख्या दोन करून हिशेब जुळवण्यात आला. झोराच्या मृत्युदृश्यातील बदली कलावतीच्या चेहऱ्यावर जोआना कॅसिडीचा चेहरा बसवण्यात आला. बॅटीच्या हातून सुटलेले कबूतर ज्या निळ्या आकाशात उडत होते ते काळे करण्यात आले. दोन पाठांपैकी अवघड पाठ अधिक विश्वसनीय, कारण सुधारणा करणारा हात नेहमी सोप्याकडे झुकतो, हे पाठचिकित्सेचे जुने सूत्र आहे. 'फायनल कट' नेमके उलट करतो. तो प्रत्येक ठिकाणी सोपा पाठ निवडतो आणि अवघड पाठाची खूणही मागे ठेवत नाही.

'पुनःस्थापित' हा शब्द पाठचिकित्सेचा असल्याने त्याची कसोटीही त्याच शास्त्राकडून घ्यावी लागते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 मध्ये आरंभलेली आणि 1966 मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती या संदर्भात आठवावी. वि. स. सुखठणकर यांनी घालून दिलेल्या पद्धतीनुसार संशयित पाठाखाली नागमोडी रेघ येते, गाळलेले श्लोक तारांकित होऊन तळटीपेत राहतात, मोठे प्रक्षेप परिशिष्टात जातात. संपादकाचा निर्णय चुकला असे वाटल्यास वाचक तो त्याच पानावर तपासू शकतो. प्रक्षेपाला प्रक्षेप म्हणणे आणि तरीही तो जपणे, ही या पद्धतीची नैतिकता आहे.

चित्रपटाच्या क्षेत्रातही ही नैतिकता अशक्य नाही. फ्रिट्झ लँग यांचा 'मेट्रोपोलिस' 10 जानेवारी 1927 रोजी बर्लिनमध्ये पूर्ण लांबीत प्रथम दाखवला गेला आणि लवकरच कापला गेला. 2008 मध्ये ब्युनोस आयरिसच्या चित्रपट संग्रहालयात 16 मि.मी.ची एक प्रत सापडली आणि सुमारे पंचवीस मिनिटांचा हरवलेला भाग 2010 च्या पुनःस्थापनेत परतला. ही दृश्ये ओरखड्यांनी भरलेली आहेत, त्यांची चौकटही वेगळी आहे. प्रेक्षकाला सांधा दिसतो. जे अजूनही सापडलेले नाही तिथे लेखी पाटी येते. लँग 1976 मध्ये निवर्तले होते, त्यामुळे 'अंतिम' शब्द उच्चारायला कोणी कर्ता उपलब्ध नव्हता. संपादकांना पुराव्यावरच विसंबावे लागले आणि त्याचा लाभ कृतीला झाला.

कर्ता हयात असणे हेच कधीकधी कृतीवरचे संकट ठरते. जॉर्ज लुकास यांनी 1988 मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर जुन्या चित्रपटांत मालकांनी फेरफार करण्याला विरोध नोंदवला. 1997 मध्ये त्यांनी 1977 च्या 'स्टार वॉर्स'मध्ये स्वतःच व्यापक फेरफार केले. 2006 मध्ये मूळ चित्रपट डीव्हीडीवर आला तो पूरक साहित्य म्हणून, जुन्या लेसरडिस्कवरून घेतलेल्या प्रतीच्या रूपात. येथे चाहत्यांनी कर्त्याच्या विरोधात जाऊन पहिल्या प्रदर्शनाची प्रत मागितली. ही मागणी स्मरणरंजनातून आली असे म्हणून ती झटकून टाकणे सोपे आहे. परंतु इतिहासात प्रत्यक्ष घडलेला पाठ उपलब्ध राहिला पाहिजे, हे तत्त्व या चाहत्यांना अनेक समीक्षकांहून अधिक स्पष्टपणे उमगले होते.

यावर असा आक्षेप येऊ शकतो की 2007 च्या 'ब्लेड रनर' संचात कार्यप्रतीसह पाचही संस्करणे उपलब्ध करून दिली गेली. ते खरेच आहे, आणि अभ्यासकांनी त्याबद्दल ऋणी असावे. परंतु पाचांपैकी एकावर 'अंतिम' ही मुद्रा उमटली की उरलेली चार त्याच्याकडे नेणाऱ्या पायऱ्या ठरतात. पुढे चित्रपटगृहांत आणि वर्गांत प्रामुख्याने दाखवले जाते ते अंतिमच. या प्रक्रियेत बाजारपेठेचा वाटाही विसरता येत नाही. 1982 च्या चाचणी-प्रेक्षकांचे ऐकून निवेदन जोडणारी आणि 1991 च्या प्रेक्षकांची गर्दी पाहून ते काढणारी, या दोन्ही कृतींमागची प्रेरणा एकच होती. पहिल्या प्रेक्षकाला अरसिक आणि दुसऱ्याला मर्मज्ञ ठरवणे ही अभिरुचीची उतरंड आहे, तिला सिद्धान्त म्हणता येत नाही. प्रतीक्षेचेच येथे वस्तुकरण होते. प्रत्येक 'खरे' संस्करण आधीच्याला अपुरे ठरवून विकले जाते.

जेरोम मॅकगॅन यांनी 1983 मध्ये आधुनिक पाठचिकित्सेची जी मीमांसा केली तिचे सार असे की संहिता ही कर्त्याच्या मनात पूर्ण होत नाही. मुद्रक, प्रकाशक, वाचक यांच्या व्यवहारात ती सामाजिक घटना म्हणून घडते. हे मान्य केले तर 1982 चा निवेदनयुक्त, सुखान्त 'ब्लेड रनर' भ्रष्ट प्रत उरत नाही. एका पिढीने पाहिलेला आणि जपलेला चित्रपट तोच होता. पुढच्या सर्व संस्करणांची मागणी त्याच्याच प्रेमातून निर्माण झाली. तेव्हा या चित्रपटावर लिहिणाऱ्या अभ्यासकाकडून किमान एवढी अपेक्षा रास्त आहे: आपण कोणत्या संस्करणाविषयी बोलतो आहोत हे त्याने पहिल्याच परिच्छेदात सांगावे, पाठभेदांचा अर्थावर होणारा परिणाम दाखवावा आणि डेकार्ड कोण या प्रश्नाचे उत्तर दिग्दर्शकाच्या मुलाखतीत शोधू नये. जुन्या पोथीच्या बाबतीत एवढी शिस्त न पाळणाऱ्या प्रबंधाला पदवी मिळत नाही. चित्रपटावरील प्रबंधाला ती मिळत असेल, तर चित्रपट ही अभ्यासाची वस्तू आहे हे विद्यापीठाने अद्याप मनापासून मान्य केलेले नाही, असेच म्हणावे लागेल.