धुराड्यालाच पैसे नसतात?

‘घरात गॅस आहे, मग चूल कशाला पेटवता?’ गावाकडच्या बाईला हा प्रश्न विचारणारी पाहुणेमंडळी बहुधा मे महिन्यात आलेली असतात. त्यांनी एकदा पौषात डिंगोऱ्याला मुक्कामाला यावं. माळशेजकडचा वारा सुटला की दिवेलागणीनंतर ओसरीवर बसवत नाही आणि सगळं घर सरकत सरकत चुलीपुढे येतं.

मैत्रिणींनो, एक जाळ किती कामं करतो बघा! पुढे तव्यावर भाकरी, मागे वैलावर आमटी, ओढलेल्या निखाऱ्यावर दुसरी भाकरी फुगतेय, राखेत वांगं. स्वयंपाक उरकला की त्याच धगीवर पाण्याचं पातेलं. शेजारी सासूबाई हात शेकताहेत, पोरांचा अभ्यासही तिथंच. वैल म्हणजे तर आपल्या आज्यांची खरी अक्कल. त्याला वेगळं लाकूड लागत नाही, वाया जाणारी आच आतल्या भोकातून तिकडे वळते. गॅस यातलं फक्त शिजवण्याचं काम करतो. म्हणून तर २०१६ साली उज्ज्वला योजना आली, सिलिंडर घरोघर पोचले, तरी कितीतरी घरांत चहा गॅसवर आणि भाकरी, अंघोळीचं पाणी चुलीवर असंच चाललंय.

म्हणजे चूल चांगली का? मुळीच नाही. हायवेवर ‘चुलीवरचं मटण’ची पाटी वाचून गाड्या थांबतात, पण डोळे चुरचुरतात ते भाकऱ्या थापणारीचे. धूर तिच्या छातीत जातो आणि मांडीवरच्या तान्ह्याच्याही. शिवाय सरपणाला उसाच्या बांधानं जायचं, आणि जुन्नर तालुक्यात उसात बिबट्या असतो हे काय नव्यानं सांगायचं!

मग ऊब हवी आणि धूर नको, हे जमतच नाही का? हिमाचलात लाहौल-स्पितीकडे घरात लोखंडी शेगडी असते. तिला ते तंदूर म्हणतात. आत लाकडं, धुराचं नळकांडं छतातून बाहेर, वर सपाट पत्रा. खोली गरम होते आणि त्याच पत्र्यावर डाळही शिजते. आपल्याकडेही १९८०च्या दशकात निर्धूर चुलीचा सरकारी कार्यक्रम आला आणि २००२मध्ये बंद झाला. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेनं सुधारित चुलींवर बरंच काम केलं. पण काजळीनं तुंबलेलं नळकांडं साफ कुणी करायचं? तेही बाईनंच!

आता स्लॅबची घरं झाली. मोटारसायकलचा हप्ता निघतो, दर्शनी भिंतीला टाइल्स लागतात, फक्त धुराड्याला पैसे नसतात. ‘भिंती काळ्या होतील’ म्हणून चूल परसात पत्र्याखाली जाते. मग ऊब वाऱ्यावर आणि बाई थंडीत कुडकुडत. आत घमेल्यात निखारे आणून दारं-खिडक्या लावून झोपायचं, हे तर फारच वाईट. त्या वायूला वास नसतो, झोपेतच जीव जातो.

तेव्हा घर बांधायला काढाल तेव्हा गवंड्याला स्वतः सांगा : स्वयंपाकघरात वैलाची चूल हवी, वर धुराडं हवं. आणि दिवाळीच्या साफसफाईत ते झाडायचं काम घरातल्या पुरुषांकडे. हे स्लॅब पडायच्या आधी बोलायचं. नंतर भोक पाडायला कुणी तयार होत नाही.