हातमोजा कचऱ्यात टाका

मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या पुढे जातो. इथे हातमोजे घालतात ते वेल्डर, नाहीतर उन्हाने हात काळवंडू नयेत म्हणून स्कूटीवरच्या पोरी. तरीही मागच्या वर्षी, जठारपेठेतल्या आमच्या गच्चीवरच्या खोलीत, मी स्वतः रचलेल्या जगात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका सरदाराने दुसऱ्याच्या तोंडावर हातमोजा फेकला. टेबलाभोवती चार खेळाडू, मधे वीस बाजूंचा फासा आणि डीएम मी. कोणी हसलं नाही. कोणालाच खटकलं नाही, हे जास्त वाईट.

हा खेळ न पाहिलेल्यांसाठी: टेबलटॉप रोलप्लेइंगमध्ये एकजण जग रचतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीचे त्या जगातली पात्रं होतात. काय होईल याची खात्री नसते तिथे फासा टाकायचा. मी दिवसभर एका कंपनीसाठी घरून कोड लिहितो आणि रविवारी हे करतो.

आता भांडणाचा मुद्दा. डीएम मंडळी द्वंद्वाची संस्कृती कशी रचतात? एक ओळ लिहितात: या राज्यात अपमानाचा निकाल तलवारीने लागतो. झालं. मग दोन योद्धे वीस मिनिटं एकमेकांचे हिट पॉइंट उतरवत बसतात आणि बाकीचे तिघं रील्स बघतात. याला कंटाळलेले लोक 'आपलं काहीतरी' करतात. हातमोज्याच्या जागी शड्डू, रेपियरच्या जागी दांडपट्टा आणि वरून स्वाभिमानाची फोडणी. कपडे बदलले, सांगाडा तोच. मला या दुसऱ्या गटाचा जास्त राग येतो. पहिला निदान आळशी आहे आणि तसं कबूल करतो.

दोघांनाही वाटतं की द्वंद्व म्हणजे दोन माणसं. तसं ते नसतं, आणि पुरावा शोधायला पॅरिसला जावं लागत नाही. अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला गेलं तरी पुरे.

पंधराव्या शतकाच्या शेवटी बहमनी राज्य फुटलं. आपल्याकडे अचलपूरला इमादशाही उभी राहिली आणि तिकडे अहमद निजामशाहाने स्वतःच्या नावाचं शहर वसवलं. त्याला तलवारबाजीचा भारी नाद. पुढे शंभरेक वर्षांनी विजापुरात बसून इतिहास लिहिणारा फरिश्ता सांगतो की राजाचा नाद बघून शहरातल्या पोरांनी तलवारीच्या तालमी भरवल्या. कोण सरस यावरून वाद झाला की दोघं दरबारात यायचे आणि राजा त्यांना समोर लढवायचा. पहिला वार ज्याचा, तो श्रेष्ठ. हळूहळू रोज एखाद-दुसरं प्रेत उठायला लागलं. तेव्हा राजाने काय केलं? बंदी घातली नाही. माझ्यासमोर नको, बाहेर मैदानात लढा, असं सांगितलं. आणि वर नियम केला: यात कोणी मेला तर त्याच्या नातेवाइकांना सूड मागता येणार नाही.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा लॅपटॉप बंद करून गच्चीत फिरलो. कारण माझ्या सगळ्या कॅम्पेनमध्ये जे नव्हतं ते सगळं इथे होतं. बघायला आवडणारा मालक, गर्दी, जागा, आणि मेलेल्याच्या घरच्यांचं तोंड बंद करणारा कायदा. हे चार असले की तलवार कुठलीही चालते. हे नसले तर द्वंद्व होत नाही, नुसता खून होतो. (आमच्या कंपनीत 'स्पेसिफिकेशन अपुरं' असा शेरा मारतात, तो मी माझ्याच वहीवर मारला.)

फरिश्ता पुढे विजापूरच्या रस्त्यात झालेली हाणामारी सांगतो. किरकोळ कारण. एका बाजूला दोन म्हातारे भाऊ आणि एकाचा तरुण मुलगा, दुसऱ्या बाजूला तीन भाऊ, तेही पिकल्या दाढीचे. पोरगा पहिला पडला, मग बाप आणि काका. त्यांची प्रेतं उचलायच्या आत समोरचे तिघंही जखमांनी गेले. काही मिनिटांत सहा माणसं. त्याला ही चाल भयंकर वाटते, आणि त्याची तक्रार शुद्ध गेम डिझायनरची आहे: हे लोक पायी, एकास एक लढण्यात बेजोड, पण घोड्यावरून लढणं, धनुष्य, भाला शिकतच नाहीत. त्यामुळे गल्लीत सिंह आणि रणांगणात कुचकामी. सांगा, किती फँटसी जगांमध्ये द्वंद्वाच्या संस्कृतीमुळे राज्याचं सैन्य बिघडलेलं दिसतं? आपल्या जगात ते फुकट मिळालेलं अलंकार असतं.

युरोपाचं तरी आपण नीट उचललंय का? तेल्हारा तालुक्यातल्या अडगावला 29 नोव्हेंबर 1803 रोजी नागपूरकर भोसले आणि शिंद्यांच्या फौजेला हरवणारा आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन आणि इंग्लंडचा पंतप्रधान झाला. पंतप्रधान असतानाच, 21 मार्च 1829 ला, लंडनच्या बॅटर्सी मैदानावर तो अर्ल ऑफ विंचिल्सीशी पिस्तुलाने द्वंद्व लढला. वेलिंग्टनची गोळी बाजूने गेली. विंचिल्सीने हवेत झाडली आणि त्याच्या बाजूच्या माणसाने माफीचं पत्र काढलं, जे आधीच लिहून ठेवलेलं होतं. आपल्याकडे याला नुरा कुस्ती म्हणाले असते. पण त्या माफीला किंमत यावी म्हणून आधी गोळीसमोर उभं राहणं भाग होतं. आव्हान पंतप्रधानानेच दिलं होतं, आणि नाही म्हणायची सोय अर्ललाही नव्हती. आपण तिथून हातमोजा आणला. मध्यस्थ आणि माफीपत्र तिथेच विसरलो.

'अबे, खेळ आहे, एवढं काय सिरियस?' असं मला दोनदा ऐकवलंय. ठीक आहे. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना एका स्टेटसवरून दोन पोरांचं बिनसलं आणि 'चौकात ये' झालं. ज्याला बोलावलं त्याला लढायचं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून रस्त्यापलीकडूनही कळत होतं. पण चाळीस जण जमले होते. न येता तर पुढची तीन वर्षं त्याला कोणी जगू दिलं नसतं. त्याचं मनगट मोडलं, परीक्षा गेली, वर्ष गेलं. मी त्या चाळिसांत होतो आणि माझ्या हातात फोन होता, व्हिडिओ चालू. म्हणून 'दोघांच्या मानाचा प्रश्न' असं कोणी लिहिलं की मी सिरियस होतो.

आता आमच्या टेबलावर हिट पॉइंट नाहीत, पहिला वार लागला की निकाल. लढत दोन मिनिटांत संपते. खरा खेळ आधीचा: आव्हान कोणासमोर दिलं, किती लोक जमले, मध्यस्थ कोण, कोणाला नाकारणं परवडतं. गर्दी जितकी मोठी, माघार घ्यायला फासा तितका जास्त लागतो.

इतकं करून मी खूश होतो, आणि तिथेच तोंडावर आपटलो. आमच्यातली एकजण कुंभाराची मुलगी खेळते. तिच्या बापाचा आवा एका शिलेदाराने तुडवला, म्हणून तिने त्याला आव्हान दिलं. मी म्हटलं, नाही देता येणार, तो हक्क घोडा बाळगणाऱ्यांचाच.

'मले काहून नाई?'

'तेव्हा तसंच होतं.'

'मंग ड्रॅगन काहून टाकला?'

उत्तर नव्हतं. नियम काढून सगळ्यांना हक्क वाटणं सोपं होतं. पण मग मी पुन्हा तेच जग रचलं असतं, जिथे मान हवेसारखा सगळ्यांना फुकट मिळतो आणि अन्याय कुठे राहतो ते दिसत नाही. नियम ठेवला. पण तो आता पुस्तकातला नियम नाही, राज्यातला आहे. तो कोणी केला, त्यात कोणाचा फायदा, हे तिला शोधता येतं, आणि मोडताही येईल.

त्याच रात्री दुसऱ्या खेळाडूच्या पात्राने त्या शिलेदाराला मैदानात मारलं. टाळ्या पडल्या, चहा आला. ती म्हणाली, 'आता त्याच्या घरी सांगाले कोण जाते?'

माझ्या वहीत त्यासाठी पान नव्हतं. मारणाऱ्याने खांदे उडवले. मग तीच गेली, कुंभाराची मुलगी, आणि दार उघडणारी शिलेदाराची आई मला तिथल्या तिथे रचावी लागली.