बर्फ जेटीवर नको, ट्रॉलरवरच हवा



फॅक्टरीवाले 'हॅसप, हॅसप' करतात तेव्हा आपण म्हणतो, ते कागद त्यांचे, आपला काय संबंध? आम्हीही तसंच म्हणायचो. पण बांगडा, तारली, कुपा यांचा धोका आपल्याच ट्रॉलरवर सुरू होतो.

मेलेला मासा उन्हात राहिला की त्यात हिस्टामाइन तयार होतं. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, अंगावर चट्टे उठतात, डोकं दुखतं. ते एकदा तयार झालं की शिजवून जात नाही, तळून जात नाही, गोठवूनही जात नाही. मासा वासाला चांगला असला तरी ते असू शकतं. मग फॅक्टरी कितीही चकाचक असो, काय करणार? धोका जिथे येतो तिथेच अडवायचा, हाच हॅसपचा अर्थ.

१९९७ साली युरोपने भारताची मासळी अडवली. २०१८ साली फॉर्मेलिनचा बोभाटा झाला आणि गोव्यात लोक मासळी घ्यायला घाबरले. अशा वेळी मार बसतो तो दर्यावर जाणाऱ्यालाच.

म्हणून आमचं मत असं: किलोला किलो बर्फाचा चुरा, वर ताडपत्री, आणि जाळं ओढल्याची व बर्फ घातल्याची वेळ वहीत. तांडेलाने ती रोज लिहावी.

पण फॅक्टरीनेही बर्फातला आणि बिनबर्फाचा माल एकाच भावात घेऊ नये. बर्फाचा खर्च एकट्या मालकाने का सोसायचा? वही हातात असली तर भाव मागताना आपल्याला ठामपणे बोलता येईल.

येत्या फेरीपासूनच सुरू करूया.