‘एकच आहे’ म्हणण्यापूर्वी

अँपिसिलिन दुकानात नसेल तर ‘अमॉक्सिसिलिन द्या, एकच आहे’ असे औषधविक्रेत्यास दूरध्वनीवरून कळविणारे वैद्यबंधू आपल्यात आहेत. उमेदीच्या काळात आम्हीही तसेच सांगत असू. राज्य शासनाच्या १९९२ च्या अधिसूचनेने आधुनिक औषधे लिहिण्याची मुभा दिली खरी. मुभेसोबत अभ्यास मिळत नाही.

दोन्ही पेनिसिलिनच्या कुळातील. पहिले १९६१ चे, दुसरे १९७२ चे. रेणूत भेद केवळ एका हायड्रॉक्सिल गटाचा. परंतु तेवढ्यानेच शोषण पालटते. मुखावाटे दिलेले अँपिसिलिन जेमतेम निम्मे रक्तात पोहोचते आणि पोटात अन्न असल्यास त्याहून कमी. उरलेले आतड्यात रेंगाळते व अतिसारास निमित्त होते. अमॉक्सिसिलिन तीनचतुर्थांश किंवा अधिक शोषले जाते. अन्नाची अडचण नाही.

वाग्भटाच्या दहा औषधकालांत अँपिसिलिनचा काल ‘अनन्न’ ठरतो. ‘अन्नादौ’ नव्हे, कारण लगोलग जेवण झाले की शोषण घटलेच. हा विचार आपल्या शास्त्राने शिकविला असूनही चिठ्ठीवर आपण नुसते ‘दिवसातून चार वेळा’ लिहितो! सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत चिखली-मेहकरकडील मजूर स्त्री भाकरी बांधून पहाटेच शेतावर जाते. तिने रिकाम्या पोटाच्या चार वेळा कशा सांभाळाव्यात? ती भाकरीबरोबर कॅप्सूल घेते, तिसऱ्या दिवशी सोडते आणि आठवड्याने तोच घसा घेऊन परत येते. दोष औषधास दिला जातो. अशा रुग्णास जंतुजन्य विकारात मुखावाटे द्यावयाचे ते अमॉक्सिसिलिनच, असे आमचे स्पष्ट मत आहे. सुईवाटे अँपिसिलिनचे स्थान मात्र अबाधित आहे. शिगेलाजन्य प्रवाहिकेत एकेकाळी तेच सरस होते. आता तो जंतू त्यास फारशी दाद देत नाही.

दोहोंत जे समान आहे तेही विसरले जाते. एकाने अंगावर पित्त उठले वा श्वास कोंडला, तर दुसरेही वर्ज्य. दोन्ही मुख्यतः मूत्रावाटे बाहेर पडतात, म्हणून मूत्रपिंडे क्षीण असल्यास मात्रा कमी करावी वा दोन मात्रांतील अंतर वाढवावे लागते. संग्रामपूर, जळगाव जामोद भागातील खारपाणपट्ट्यातून मूत्रपिंडविकाराचे रुग्ण वारंवार येतात. त्या गावांचा रुग्ण समोर बसला की क्रिएटिनिनची तपासणी कधी झाली हे विचारल्याशिवाय आम्ही दोहोंपैकी एकही औषध लिहीत नाही.