एक्सरे नॉर्मल, पण पाय?

परवा राणीसावरगावहून चुलतभावाचा फोन आला. "आईचा एक्सरे काढला तालुक्याला. नॉर्मल हाय. उगी बाऊ करायली ती."

दोन महिन्यांपूर्वी शेताच्या बांधावरून उतरताना काकूचा पाय मुरगळला. सूज ओसरली, पण घोटा आतून ठणकतो आणि चालता चालता मध्येच अडकतो. आणि आता घरात सगळे म्हणणार, तिला काही झालेलंच नाही!

मला राग आला तो या "काही नाही"चा. एक्सरेत दिसतं ते हाड. हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, म्हणजे कूर्चा, त्यात उमटतच नाही. दोन हाडांमध्ये नुसती काळी फट दिसते. पाय मुरगळताना घोट्यातल्या टॅलस हाडाच्या माथ्याला मार बसून कूर्चेसकट हाडाचा टवका निघू शकतो. बर्न्ट आणि हार्टी यांनी १९५९ मध्ये या दुखापतीच्या चार पायऱ्या सांगितल्या. पहिल्या पायरीत हाड नुसतं दबतं, आणि ते एक्सरेत बरेचदा दिसत नाही. एमआरआयमध्ये कूर्चा दिसते, हाडाच्या आतली सूजही दिसते. टवका केवढा आणि कुठे, हे सीटी स्कॅन अधिक नेमकं सांगतो.

मग प्रत्येक मुरगळीला एमआरआय काढायचा का? मुळीच नाही! कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये ताज्या मुरगळीसाठी जे नियम मांडले, त्यानुसार साधा एक्सरेसुद्धा सगळ्यांना लागत नाही. हाडाच्या ठराविक जागा बोटाने दाबून पाहायच्या, चार पावलं चालता येतात का ते बघायचं आणि मग ठरवायचं. म्हणजे आधी बोट, मग यंत्र. पण आठवडे उलटूनही दुखणं हटत नसेल, तर नॉर्मल एक्सरेवर गोष्ट संपवू नये.

भावाला विचारलं, "पाय दाबून बघितला का कोणी?"
"न्हाई. चिठ्ठी दिली, फोटो काढला."

त्याला म्हटलं, परभणीला अस्थिरोगतज्ज्ञांना दाखव, आणि 'पाय अडकतो' हे काकूला स्वतःच्या तोंडाने सांगू दे. मागून काकूचा आवाज आला, "माझा पाय मला ठाव हाय की!"

असो. आपल्या घरातल्या बायका आधीच दुखणं अंगावर काढतात. त्यात 'नॉर्मल'चा कागद हातात आला की त्या बोलायच्याच थांबतात. तुमच्याकडेही असा एखादा कागद आहे का? मग एकदा त्या माणसाला परत विचारा, अजून दुखतं का?