सीलबंद कॅसेटचं सोवळं

कॅसेट ही काही सोन्याची चीज नव्हे. प्लास्टिकची दोन टरफलं, पाच स्क्रू, दोन चाकं, आणि मध्ये जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंदीची पट्टी. त्या पट्टीवर फासलेलं असतं आयर्न ऑक्साइड, म्हणजे साध्या मराठीत गंज. फिलिप्स कंपनीनं १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ही डबी मांडली तेव्हा ऑफिसातल्या साहेबांनी तिच्यावर पत्रं सांगावीत एवढीच तिची लायकी धरली होती. संगीत मागाहून आलं. आणि ज्यांना स्टुडिओच्या दारातही कुणी उभं केलं नसतं त्यांचं संगीत त्याच्याही मागाहून आलं, पण आलं ते ह्याच डबीतून.

आज तीच डबी काचेच्या कपाटात जाऊन बसलीय. शेफिल्डची, लंडनची, टोकियोची. पन्नास-शंभर प्रती निघालेली, झेरॉक्सच्या कव्हरातली. तिला हात लावायचा नाही, ती वाजवायची नाही, कारण वाजवली की किंमत उतरते. ह्याला हे लोक संग्रह म्हणतात. मी ह्याला सोवळं म्हणतो.

मी मॅट्रिक. गोदीत माल उतरवतो. कविता लिहितो. आणि ह्याच कॅसेटी गोळा करतो, म्हणून बोलतोय. मूळ प्रती माझ्याकडे सातच आहेत, बाकी सगळ्या नकला, नकलांच्या नकला. मला आपलेच दोस्त विचारतात, तुला हे गोऱ्यांचं खडखड-खरखर कशाला रे पायजे? अरे, दिवसभर माझ्या कानात काय असतं? विंचची घरघर, साखळीचा खणखणाट, वीस टनांची पोलादी कॉइल ट्रेलरवर बसते तेव्हा छातीतून जाणारा धक्का. हा आवाज कुणी टेपवर घेऊन जगाला म्हणाला की घ्या, ऐका, तर त्याची ओळख आधी कुणाला पटणार? मला की चहाच्या कपात बोट बुडवून संगीतावर बोलणाऱ्या दर्दी रसिकाला?

शेफिल्ड हे पोलादाचं गाव. तिथं १९७३ साली रिचर्ड कर्क, स्टीफन मॅलिंडर आणि ख्रिस वॉटसन ह्या तिघांनी कॅबरे व्होल्टेअर नावाचा गट काढला. नाव उचललं झुरिकमधल्या १९१६ च्या दादा मंडळींच्या अड्ड्यावरून. वॉटसन टेलिफोन खात्यातला इंजिनियर. त्याच्या घराचा माळा हाच ह्यांचा स्टुडिओ. सामान म्हणाल तर टेपरेकॉर्डर, घरी जोडलेले ऑसिलेटर, आणि कात्रीनं कापून चिकटवलेली टेपची वेटोळी, तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवायला. (हाच वॉटसन पुढे जंगलातल्या पाखरांचे, जनावरांचे आवाज टिपणारा नावाजलेला माणूस झाला. कान एकदा उघडला की कुठंही जातो.) माळ्यावरचं हे काम '१९७४-७६' ह्या नावानं १९८० मध्ये बाहेर पडलं, आणि पडलं ते कॅसेटवरच. काढणारं लेबल इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स. ते लंडनच्या थ्रॉबिंग ग्रिसल ह्या गटानं १९७६ साली स्वतःच उभं केलेलं. त्याच वर्षी त्याच लेबलानं कर्कची 'डिस्पोजेबल हाफ-ट्रुथ्स' आणि ख्रिस कार्टरची 'द स्पेस बिटवीन' काढली, दोन्ही कॅसेटवर. थ्रॉबिंग ग्रिसलवाले तर आपल्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंगंच कॅसेटवर विकायचे, आणि शेवटी चोवीस तासांचा माल एका सुटकेसमध्ये भरून विकायला काढला. चोवीस तास! एवढं कोण ऐकणार? पण काढला.

कॅसेटच का, हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण सगळी मेख इथं आहे. तबकडी काढायची तर कारखाना लागतो, साचा लागतो, एका दमात शेकड्यांनी प्रती घ्याव्या लागतात, म्हणजे आधी गाठीला पैसा लागतो. कॅसेटला लागतात दोन मशिनं आणि एक वायर. आज पाच प्रती करा, चिठ्ठी आली की सहावी करा. १९७९ साली टॅस्कॅम कंपनीनं पोर्टास्टुडिओ काढला. साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे आवाज एकावर एक चढवता येऊ लागले. म्हणजे स्टुडिओ जेवणाच्या टेबलावर आला. कव्हर झेरॉक्सचं, वाहतूक पोस्टाची. इंग्लंडच्या संगीत साप्ताहिकांत बारीक टायपात पत्ते छापून यायचे: रिकामी कॅसेट आणि तिकिट लावलेलं पाकीट पाठवा, भरून परत मिळेल. हे ध्यानात घ्या. कॅसेट ऐकणाऱ्याची, आवाज करणाऱ्याचा. मध्ये शेठ नाही. अमेरिकेत ऑलिंपिया गावातून १९७९ पासून 'ऑप' नावाचं मासिक निघायचं, त्यात अशा घरगुती कॅसेटींची परीक्षणं यायची. ए पासून झेडपर्यंत एकेका अक्षराचा एकेक अंक काढला, सव्वीस झाले, आणि १९८४ मध्ये दुकान बंद केलं. लिटल मॅगझिनवाल्यांनी असं मरावं, ठरवून. टोकियोत मासामी आकिता हा माणूस मर्झबाउ ह्या नावानं निव्वळ गोंगाटाच्या कॅसेटी करून पोस्टानं जगभर बदलाबदली करत होता. ते नाव जर्मन कलावंत श्विटर्सनं टाकाऊ वस्तू जोडून घरातच उभारलेल्या एका कलाकृतीवरून घेतलेलं. म्हणजे मुळातच भंगारातून आलेला माल.

ह्यानं मोठ्या कंपन्यांचं पित्त खवळलं. घरी टेप करणं संगीताचा खून करतंय, अशी बोंब इंग्लंडातल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेनं १९८० च्या दशकात ठोकली, कॅसेटची कवटी आणि खाली दोन हाडं असं चित्र काढून. त्याला अमेरिकेतल्या डेड केनेडीज ह्या पंक टोळीनं १९८१ मध्ये झकास उत्तर दिलं. आपली गाणी कॅसेटच्या एकाच बाजूला भरली आणि दुसरी बाजू मुद्दाम कोरी सोडली, घ्या लेको, हिच्यावर टेप करा.

असा हा इतिहास आहे. आणि आता ह्याच कॅसेटींच्या बाजारात वर्ण पडलेत. सगळ्यांत वरचा 'मिंट', म्हणजे कधी वाजलेलीच नाही. त्याच्या खाली 'निअर मिंट', मग 'व्हेरी गुड', असं करत करत तळाला ती, जी लोकांनी ऐकून ऐकून झिजवली. ज्या कॅसेटनं काम केलं ती खालची, जी कपाटात बसून राहिली ती वरची. ही उतरंड आम्हाला कुणी नव्यानं शिकवायची गरज नाही. घरी भरलेल्या कॅसेटला सील तरी कुठलं? तर आता हे शौकीन तिला आपल्या पदरच्या प्लास्टिकात घालून सीलबंद करतात.

बरं, सीलबंद ठेवून ती टिकते का? तर तेही नाही. गुंडाळलेली टेप वर्षानुवर्षं तशीच पडली की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो; मग आवाज सुरू व्हायच्या आधीच त्याचं भूत पुसट ऐकू येतं. हेडवर टेप दाबून धरणारा इवलासा बोळा गोंद सुकून गळून पडतो. मुंबईच्या पावसाळ्यात तर टेपच्या कडेला पांढरी बुरशी धरते. पट्टी सुटी करायची, मधूनमधून पुढं-मागं फिरवायची, स्पिरिटच्या बोळ्यानं हेड पुसायचं, आणि जमेल तितक्या नकला करून दहा घरांत ठेवायच्या. जतन करायचं तर असं. नकलेगणिक खरखर वाढते, वरचे बारीक सूर मरतात, कबूल. पण पूर आला, आग लागली, झोपडी तुटली, तर दहातली एक उरते. कपाटातली एकुलती एक उरत नाही.

युरोपातल्या एका शौकिनाशी माझा पत्रव्यवहार झाला. त्याच्याकडे १९८० सालची एक कॅसेट दोनदा होती, त्यातली एक मला द्यायला तयार. बदल्यात मुंबईची कॅसेट हवी, छोट्या लोकल कंपनीची, भीमगीतांची चालेल. अट एकच, न वाजवलेली हवी. न वाजवलेली भीमगीतांची कॅसेट! आमच्या वस्तीत १४ एप्रिलला जी वाजली नाही ती कॅसेट कुणी विकत घेईल कशाला? मी कळवलं, बाबा रे, माझ्याकडे आहे ती इतकी वाजलीय की गाणाऱ्याचा आवाज ताणून जाड झालाय, पाहिजे तर तिची नकल पाठवतो. त्याचं उत्तर आलं नाही.

आता दुसरी गोष्ट, जी आपल्या पोरांनी कान देऊन ऐकावी. गोंगाट केला म्हणजे माणूस आपोआप बंडखोर ठरत नाही. ह्याच कॅसेटवाल्या जगात लंडनच्या कम ऑर्गनायझेशन ह्या लेबलावर व्हाइटहाउस नावाचा गट होता. त्यांच्या १९८१ च्या एका अल्बमचं नाव 'बुखेनवाल्ड'. बुखेनवाल्ड ही नाझींची छळछावणी, तिथं सुमारे ५६ हजार माणसं मेली. थ्रॉबिंग ग्रिसलनंही १९७८ मध्ये नाझींच्या विषारी वायूचं नाव गाण्याला दिलं होतं. ह्यांचे वकील सांगतात, हा समाजाला आरसा आहे, धक्का द्यायचा होता. कुणाला धक्का? ज्याच्या आज्याला-पणज्याला कुणी कधी गावाबाहेर ठेवलं नाही, त्याला छळछावणीचं नाव म्हणजे चटकदार मसाला. हा माल आज दुर्मिळ म्हणून चढ्या भावानं जातो. मला नकलेतही नको. ऐकलाय, आणि ऐकूनच बोलतोय.

ह्याच्या शेजारी टेस्ट डिपार्टमेंट ठेवून बघा. लंडनच्या न्यू क्रॉस भागातली टोळी, १९८१ सालची. वाद्यं म्हणजे भंगार: पत्रे, स्प्रिंगा, पिंपं, पाइप. आवाज तितकाच कर्कश. पण १९८४-८५ मध्ये ब्रिटनच्या खाणकामगारांचा वर्षभराचा संप पेटला तेव्हा हे लोक साउथ वेल्सच्या संपकरी खाणकामगारांच्या गायनमंडळाबरोबर मंचावर उभे राहिले आणि १९८५ साली दोघांची मिळून 'शोल्डर टु शोल्डर' ही तबकडी काढली. खांद्याला खांदा. भंगारावरचा हातोडा आणि खाणीतल्या बापयांचे गळे. संप हरला. तबकडी मात्र आजही ऐकली की माझ्या अंगावर काटा येतो. दारूखान्यात जहाज तोडताना उठणारा आवाज ज्यानं ऐकलाय त्याला हे संगीत समजावून सांगावं लागत नाही.

आणि आता आपल्याकडं. 'प्रायोगिक' हा शब्द कुणाला मिळतो बघा. १९६९ साली अहमदाबादच्या एनआयडी ह्या संस्थेत मूग सिंथेसायझर आला, अमेरिकेच्या डेव्हिड ट्यूडरनं तिथं इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ लावून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई वगैरेंनी १९७२ पर्यंत तिथं टेपा केल्या. चांगलं काम आहे, मी ऐकलंय, नावं ठेवणार नाही. त्या टेपा संस्थेत पडून राहिल्या, पुढं ब्रिटनच्या पॉल पर्गसनं त्या हुडकल्या आणि २०२३ मध्ये त्यांची तबकडी निघाली. पडून राहिल्या, पण राहिल्या. कारण संस्था होती, संस्थेला कपाट होतं.

आपल्या कॅसेटींना कपाट कुठंय? १९८० च्या दशकात कॅसेट आली तेव्हा ह्या देशात एचएमव्हीची मक्तेदारी मोडली, गल्लीबोळात छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या. वामनदादा कर्डकांची गाणी, प्रल्हाद शिंद्यांचा आवाज, विठ्ठल उमपांचा आवाज घराघरांत गेला तो टू-इन-वनमधून. ही मोठी नावं राहतील. पण त्यांच्या पाठीमागं शेकडो गाणारे होते, एका कॅसेटपुरते. चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला फुटपाथवर त्यांच्या कॅसेटींचे ढीग असायचे. मग सीडी आली, मग पेन ड्राइव्ह. त्या कॅसेटी कान देऊन ऐका. स्वस्त कीबोर्डातला तयार ठेका, त्यावर ढोलकी, गळ्यावर इतका एको चढवलेला की शब्द भिंतींवर आपटून परत येतो, आणि मध्येच बाईच्या आवाजावर कुठलीतरी इलेक्ट्रॉनिक शिट्टी. शेफिल्डच्या माळ्यावर हे झालं असतं तर त्याला प्रयोग म्हणाले असते. इथं झालं म्हणून फुटपाथवरचा माल. कीबोर्ड वाजवणाऱ्याचं नावसुद्धा पुष्कळदा कव्हरवर नाही.

म्हणून मी दोन्ही गोळा करतो आणि एकाच खोक्यात ठेवतो. कर्कच्या शेजारी भीमगीतं. जिथं कव्हर शिल्लक आहे तिथं कंपनी, गाणारा, लिहिणारा, साल, सगळं वहीत उतरवून घेतो. कव्हर नसेल तर गल्लीतल्या म्हाताऱ्यांना गाणं ऐकवतो. त्यांना गाणारा आठवतो, कधी कधी त्याची खोलीसुद्धा.

घरात माळ्यावर, ट्रंकेत असल्या कॅसेटी असतील तर भंगारवाल्याला देण्याआधी मला दाखवा. ठेवून घेणार नाही, नकल करून त्याच दिवशी परत देईन. आणि माझ्याकडचं काही हवं असेल तर रिकामी कॅसेट आणा, सी-साठ किंवा सी-नव्वद. सी-एकशेवीस आणू नका. तिची पट्टी फार पातळ, माझं मशीन ती खातं.